वाचकांचे प्रश्न : बाटलीवरची बारीक अक्षरे

गेल्या अंकात युरोपीय वाइन आणि शॅम्पेन यांविषयीचे प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत कुठे ना कुठे ‘सगळ्यात चांगली कोणती?’ अशी विचारणा होतीच. तिला उत्तर नसल्यामुळे ती बाजूला ठेवून उरलेल्या प्रश्नांपैकी सहा येथे घेतले आहेत. लांब पत्रांचा मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : मुलीकडे पॅरिसला गेलो असताना आम्ही शॅम्पेनची एक बाटली विकत घेतली. मला गोड पेये चालत नाहीत, म्हणून ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली मुद्दाम निवडली, तर ती गोडसर निघाली. याला फसवणूक म्हणायचे का? मे महिन्यात पुन्हा जाणार आहोत. त्या वेळी बाटलीवर नेमके काय पाहावे? (एक वाचक, ठाणे)

आपली फसवणूक झालेली नाही. शब्द जुना राहिला आणि लोकांची आवड बदलली, एवढेच घडले आहे. हे समजण्यासाठी शॅम्पेन कशी होते ते थोडक्यात पाहावे लागेल.

शॅम्पेन दोनदा आंबते. पहिल्या खेपेस टाकीत किंवा पिंपात बुडबुडे नसलेली, चांगलीच आंबट वाइन तयार होते. ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आतल्या आत पुन्हा किण्वन होते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला वाट नसल्यामुळे वाइनमध्येच विरघळतो. मेलेल्या यीस्टचा गाळ तळाशी बसतो. बाटल्या थोड्या थोड्या फिरवत आणि उलट्या करत तो गाळ मानेशी आणतात, मान गोठवतात आणि झाकण काढून गाळाचा गोठलेला गोळा आतल्या दाबानेच बाहेर उडू देतात. त्यामुळे रिकामी झालेली थोडीशी जागा वाइन आणि साखरेच्या मिश्रणाने भरून काढतात. या शेवटच्या भरणीला ‘डोसाज’ म्हणतात, आणि आपल्या बाटलीतला गोडवा तिथून आलेला होता.

एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन हे गोड पेयच होते. रशियाकडे जाणाऱ्या बाटल्यांत लिटरमागे २०० ग्रॅमहून अधिक साखर असे. इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांना मात्र कमी गोड शॅम्पेन हवी होती आणि त्यांच्यासाठी जी तयार होऊ लागली ती त्या काळच्या मानाने खरोखरच ‘ड्राय’ होती. पुढे साखर आणखी कमी होत गेली. मादाम पॉमेरी यांच्या कंपनीची १८७४ सालची ‘ब्रूत’ शॅम्पेन हा त्या वाटेवरचा मोठा टप्पा मानला जातो. मात्र मधल्या पायरीचे जुने नाव तसेच राहिले. आजच्या नियमांनुसार ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये लिटरमागे १२ ते १७ ग्रॅम साखर असते, तर ‘ब्रूत’मध्ये १२ ग्रॅमहून कमी, ‘एक्स्ट्रा ब्रूत’मध्ये ६ ग्रॅमपर्यंत, आणि ‘ब्रूत नातूर’मध्ये वरून साखर घालतच नाहीत व मुळातली साखरही ३ ग्रॅमहून कमी असावी लागते. ‘सेक’ या शब्दाचा अर्थ कोरडी असा असला, तरी त्यात १७ ते ३२ ग्रॅम साखर असते. ‘देमी-सेक’मध्ये ती ३२ ते ५० ग्रॅम असते आणि ‘दू’ त्याहूनही गोड असते. आपण ‘एक्स्ट्रा ब्रूत’पासून सुरुवात करावी. ‘ब्रूत नातूर’ सध्या फॅशनमध्ये आहे, पण चांगल्या, पूर्ण पिकलेल्या द्राक्षांची नसेल तर ती नुसतीच बोचरी लागते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे लेबलाच्या तळाशी छापलेला नोंदणी क्रमांक आणि त्याआधीची दोन रोमन अक्षरे. भिंगाशिवाय ती सहसा दिसत नाहीत. ‘एनएम’ असेल तर ती बाटली द्राक्षे विकत घेऊन शॅम्पेन करणाऱ्या कंपनीची आहे, आणि बहुतेक प्रसिद्ध नावे याच गटातली आहेत. ‘आरएम’ असेल तर आपल्याच बागेतल्या द्राक्षांपासून शॅम्पेन करणाऱ्या शेतकऱ्याची आहे, आणि ‘सीएम’ असेल तर सहकारी संस्थेची. ‘एमए’ असेल तर लेबलावरचे नाव दुकानाचे किंवा अन्य खरेदीदाराचे असते आणि आतली शॅम्पेन दुसऱ्याच कोणी केलेली असते. यातला एक गट चांगला आणि दुसरा वाईट असे मुळीच नाही. मोठ्या कंपन्या अनेक गावांची आणि अनेक वर्षांची वाइन एकत्र करून दरवर्षी तीच चव राखतात, आणि ते फार अवघड कसब आहे. शेतकऱ्याच्या बाटलीत मात्र एका गावाची चव मिळण्याची शक्यता अधिक असते आणि जाहिरातीचा खर्च बहुधा तिच्या किमतीत चढलेला नसतो.

तिसरी गोष्ट वर्षाची. बहुतेक बाटल्यांवर साल नसते. अशी शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने तळघरात ठेवावी लागते आणि त्यांतले १२ महिने ती यीस्टच्या गाळावर असावी लागते. साल छापायचे असेल तर किमान ३ वर्षे थांबावे लागते. गाळावर जितका काळ जास्त, तितका भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाचा आणि भाजलेल्या बदामाचा वास स्पष्ट होतो. काही उत्पादक गाळ काढल्याची तारीख मागच्या लेबलावर देतात. जो ती देतो त्याच्याविषयी माझे मत आपोआप चांगले होते.

मे महिन्यात वेळ असेल तर पॅरिसहून आगगाडीने शॅम्पेन प्रदेशातले एपर्ने गाठा आणि एकच शॅम्पेन घेण्याऐवजी दोन बाजूंच्या दोन घ्या. पहिली एपर्नेच्या दक्षिणेकडील कोत दे ब्लां या खडूच्या उतारांवरच्या क्रामां, आविझ किंवा ल मेनिल-स्युर-ओजे या गावची, निव्वळ शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाची, म्हणजे लेबलावर ‘ब्लां द ब्लां’ लिहिलेली असावी. दुसरी रँसच्या डोंगराकडच्या बूझी, आंबोने किंवा व्हेर्झने या गावची, पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचे प्रमाण अधिक असलेली असावी. भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोनच बाटल्या बसतात, त्यामुळे हा हिशेबही जुळतो.

प्रश्न : मी दोन-तीन वेळा ‘वाइन टेस्टिंग’ला गेले. शेजारचे लोक ब्लॅककरंट, सीडार, ओले दगड असे काहीबाही सांगतात. मला फक्त वाइनचा वास येतो. माझे नाक मंद आहे का, की बाकीचे नाटक करतात? (एक वाचक, पुणे)

दोन्ही शंका अनाठायी आहेत. ब्लॅककरंट आपण कधी खाल्लेले नसेल तर ते ग्लासात कसे सापडणार? वर्णनाचे हे शब्द इंग्रज आणि फ्रेंच माणसांच्या स्वयंपाकघरांतून आणि बागांतून आलेले आहेत. त्यांना जिथे ब्लॅककरंट आठवते तिथे आपल्याला पिकलेले जांभूळ किंवा करवंद आठवले तर ते वर्णन तितकेच खरे आहे. स्पेनमधल्या जुन्या रियोहा वाइनमध्ये मला सुकवलेल्या नारळाचा वास येतो. तिथल्या परंपरेत अमेरिकन ओकची पिंपे वापरतात आणि त्या लाकडातून नारळासारखा वास खरोखरच वाइनमध्ये उतरतो. फ्रान्समधल्या आल्झासच्या गेवुर्त्सत्रामिनेर या पांढऱ्या वाइनमध्ये लिचीचा वास ओळखायला तर आपल्याकडच्या कोणालाही अडचण पडू नये.

वासांची यादी हा चाखण्याचा शेवटचा, आणि खरे सांगायचे तर सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. आधी जिभेवर काय घडते ते पाहावे. घोट तोंडात फिरवून गिळल्यावर, किंवा थुंकल्यावर, जिभेच्या कडांना पाणी सुटते का? ती आम्लता. हिरड्या आणि गाल जांभूळ किंवा हिरडा खाल्ल्यासारखे आवळून येतात का? ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून आणि पिंपातून आलेला तुरटपणा. घशाला ऊब लागते का? तो अल्कोहोल. तोंडात ती पाण्यासारखी पातळ वाटते की दुधासारखी भरीव? आणि शेवटी, घोट गेल्यावर चव किती वेळ मागे राहते? मनातल्या मनात सेकंद मोजावेत. चव पाच सेकंदांत नाहीशी झाली, तर लेबलावर काहीही लिहिलेले असो, ती वाइन साधी आहे. वीस सेकंदांनंतरही ती बदलत बदलत टिकून असली, तर किमतीविषयी बोलणे सुरू करायला हरकत नाही.

हे गुण एकेकट्या ग्लासात ओळखणे मात्र जवळजवळ अशक्य असते. चव तुलनेतून कळते. पुण्यातल्या चार मैत्रिणींनी पैसे एकत्र करून एका संध्याकाळी दोन बाटल्या शेजारी शेजारी उघडल्या, तर वर्षभराच्या कार्यक्रमांत मिळत नाही तेवढे शिकायला मिळते. जोडी मी सुचवतो : शाब्ली आणि मर्सो. दोन्ही फ्रान्समधल्या बर्गंडी प्रदेशाच्या, दोन्ही केवळ शार्दोने द्राक्षाच्या. शाब्ली उत्तरेकडची, थंड हवेची, बारीक शिंपल्यांचे अश्मावशेष असलेल्या चुनखडीच्या जमिनीतली, आणि साधी शाब्ली बहुधा पिंपाशिवाय, पोलादी टाकीत केलेली असते. मर्सो लहान ओकच्या पिंपात मुरते आणि तिच्यातल्या सफरचंदी आम्लाचे जिवाणूंनी दुधातल्या आम्लात रूपांतर केल्यामुळे तिला लोण्याचा गुळगुळीतपणा येतो. (हे रूपांतर शाब्लीतही होते, पण तिथे थंड हवेची आम्लता पुरून उरते.) एकच फळ किती वेगळे बोलते, हे या दोन ग्लासांतून दहा मिनिटांत उमगते.

शेजाऱ्यांच्या नाटकाविषयी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. फ्रान्समधल्या बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी आणि एक तांबडी वाइन हुंगायला दिली. नंतर तीच पांढरी वाइन वास नसलेल्या तांबड्या रंगाने रंगवून पुन्हा पुढे ठेवली, तेव्हा तिचे वर्णन त्यांनी तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून ‘तज्ज्ञांना काही कळत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांची कमी नाही. मला त्याचा अर्थ इतकाच वाटतो की डोळे नाकाच्या आधी बोलतात. तेव्हा तुलना करताना बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळावे, आणि किंमत कोणालाही आधी सांगू नये.

प्रश्न : आम्ही द्राक्षबागायतदार आहोत. आमच्याकडच्या वाइनच्या बाटलीवर द्राक्षाचे नाव ठळक असते. फ्रेंच बाटलीवर मात्र गावाचे नाव आणि ‘ग्रां क्रू’ असे शब्द दिसतात. द्राक्ष कसे ओळखावे, आणि ‘ग्रां क्रू’ म्हणजे हमखास उत्तम समजावे का? (एक वाचक, दिंडोरी, जि. नाशिक)

फ्रेंच कायद्यात गावाच्या नावातच द्राक्ष येते. व्हूव्रे म्हटले की ती शेनँ ब्लांची. आपल्या भागात लावलेली शेनँ ब्लां मूळची याच ल्वार नदीच्या खोऱ्यातली. सांसेर पांढरी असेल तर सोव्हिन्यों ब्लां. बर्गंडीची तांबडी जवळपास नेहमी पिनो न्वार, बोज्योले गामे, इटलीतली बारोलो नेब्बियोलो. बोर्दोत मिश्रण असते : जिरोंद खाडीच्या आणि गारोन नदीच्या डाव्या तीरावर काबेर्ने सोव्हिन्योंचा जोर, उजवीकडे सेंतेमिल्यों आणि पोमेरोलमध्ये मेर्लोचा. दहा-बारा नावे पाठ झाली की लेबले वाचता येऊ लागतात.

‘ग्रां क्रू’विषयी मात्र सावध राहा, कारण हे दोन शब्द चार ठिकाणी चार वेगळे अर्थ सांगतात. बर्गंडीत तो जमिनीचा दर्जा आहे. आपण शेतकरी असल्यामुळे हे चटकन पटेल : टेकडीच्या अगदी माथ्यावर माती विरळ आणि वारा जास्त, पायथ्याशी माती भारी आणि पाणी साचणारे, म्हणून मधल्या उतारावरचे तुकडे सर्वोत्तम ठरले. शॅम्पेन प्रदेशात हा दर्जा अख्ख्या गावाला मिळतो आणि तीनशेहून अधिक गावांपैकी अशी गावे १७ आहेत. बोर्दोच्या मेदोक भागात दर्जा ‘शातो’ला, म्हणजे वाइन करणाऱ्या मालमत्तेला आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी प्रामुख्याने बाजारभाव पाहून पाच पायऱ्यांची यादी केली. पुढच्याच वर्षी तीत एका नावाची भर पडली, आणि १९७३ मध्ये शातो मुतों रोथशिल्ड दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर गेला. एरवी ती आजतागायत जवळपास तशीच आहे. सेंतेमिल्योंमध्ये तर नुसते ‘ग्रां क्रू’ हे फारसे काहीच सांगत नाही. तिथे ‘ग्रां क्रू क्लासे’ असे लिहिलेले हवे. ती यादी साधारण दर दहा वर्षांनी नव्याने ठरते आणि तिच्यावरून कोर्टकज्जे इतके झाले की २०२२ च्या यादीआधी ओझोन, शेव्हाल ब्लां आणि आंजेलुस या अग्रगण्य मालमत्तांनी स्वतःहून अंग काढून घेतले.

बर्गंडीतही हमी नाही. क्लो द व्हूजो हा सुमारे ५० हेक्टरांचा एकच कुंपणातला मळा, पण त्याचे जवळपास ८० मालक आहेत. कोणाचा तुकडा वरच्या अंगाला, कोणाचा रस्त्यालगतच्या ओलसर जमिनीत. लेबलावर सगळ्यांनाच ‘ग्रां क्रू’ लिहिता येते. म्हणून मळ्याचे नाव वाचावे, पण वाइन करणाऱ्याचे नाव त्याआधी वाचावे. उत्तम शेतकऱ्याची साधी ‘बूर्गोन्य’, म्हणजे लेबलावर फक्त बर्गंडी प्रदेशाचे नाव असलेली वाइन, ही आळशी शेतकऱ्याच्या ‘ग्रां क्रू’पेक्षा कितीतरी स्वस्त आणि पुष्कळदा अधिक चांगली असते. शेजारच्या दोन बागांतल्या मालात फरक का पडतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : परदेशात हॉटेलमध्ये वेटर बूच हातात देतो आणि ग्लासात थोडी वाइन ओततो. त्या वेळी काय करायचे असते? (एक वाचक, कोल्हापूर)

बूच टेबलावर ठेवून द्यावे; ते हुंगून फारसे काही कळत नाही. ग्लासातली वाइन हुंगावी. भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा कोंदट गोणपाटाचा वास आला आणि फळाचा वास दबलेला वाटला, तर बुचातल्या टीसीए नावाच्या संयुगाने ती बिघडलेली असते. निःसंकोचपणे परत पाठवावी. ती थोडी ओतण्याची पद्धत दोष तपासण्यासाठी आहे, त्यामुळे ‘मला आवडली नाही’ हे कारण तिथे चालत नाही. तांबडी वाइन कोमट वाटली तर दहा मिनिटे बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगण्यात काहीही कमीपणा नाही. ‘तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम युरोपातल्या जुन्या, थंड घरांत तयार झाला, जिथे खोलीचे तापमान १६ ते १८ अंश असे.

प्रश्न : भावाने नऊ वर्षांपूर्वी दुबईहून आणलेली शॅम्पेन कपाटावर जपून ठेवली आहे. बाटलीवर साल नाही. मुलाच्या लग्नात उघडण्याचा विचार आहे. आता ती अधिक चांगली झाली असेल का? (एक वाचक, नागपूर)

दुर्दैवाने नाही. साल नसलेली शॅम्पेन विक्रीला येते तेव्हाच पिण्यासाठी तयार असते. थंड तळघरात ती आणखी तीन-चार वर्षे छान टिकली असती, पण नागपूरचे नऊ उन्हाळे सोसलेल्या बाटलीकडून फार आशा ठेवू नये. बुडबुडे मंदावलेले, रंग गडद आणि चव सुकलेल्या सफरचंदासारखी झालेली असण्याचा संभव आहे. उष्णतेइतकाच उजेडही घातक असतो. त्यातल्या त्यात हिरवी काच थोडे संरक्षण देते, पांढरी काच मुळीच देत नाही. १८७६ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी पारदर्शक बाटलीत तयार झालेली लुई रॉदेरर कंपनीची ‘क्रिस्ताल’ शॅम्पेन आजही पिवळ्या आवरणात गुंडाळून विकतात ती त्यामुळेच. बाटली लग्नाच्या आधी घरच्या घरी उघडून पाहा, आणि लग्नासाठी नवी आणा.

प्रश्न : शॅम्पेन परवडत नाही. प्रोसेको, काव्हा यांनी काम भागते का? आणि आपल्या तिखट जेवणाबरोबर युरोपातले काय चालेल? (एक वाचक, डोंबिवली)

स्पेनची काव्हा आणि फ्रान्सच्या इतर भागांतली ‘क्रेमां’ या शॅम्पेनच्याच पद्धतीने, म्हणजे बाटलीत दुसरे किण्वन करून होतात. दोन्हींचा किमान काळ गाळावर नऊ महिने आहे. इटलीतल्या लोम्बार्दीची फ्रांचाकोर्ता १८ महिने थांबते आणि दर्जाने शॅम्पेनच्या फार जवळ येते, मात्र किमतीनेही येते. इटलीतल्याच प्रोसेकोचे दुसरे किण्वन बहुधा मोठ्या बंद टाकीत होते. तिच्याकडून पावाचा वास अपेक्षू नये. ग्लेरा द्राक्षाची ताजी, पेअरसारखी चव हीच तिची मजा आहे. ल्वारची क्रेमां ही माझी पहिली शिफारस, कारण तीत बहुधा शेनँ ब्लां असते आणि नाशिककडच्या वाइनशी ओळख असलेल्याला ती परकी वाटत नाही. बाटलीतले हे किण्वन आपल्याकडेही जुने आहे : १९८० च्या दशकात नारायणगावच्या परिसरात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने अशी फसफसणारी वाइन तयार होऊन परदेशी जाऊ लागली होती.

तिखटाबरोबर टॅनिनची आणि जास्त अल्कोहोलची वाइन टाळावी. तांबडा रस्सा आणि बारोलो एकमेकांना छळतात. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली रीसलिंग द्राक्षाची ‘काबिनेट’ ही हलकी वाइन पाहा. तिच्यात अल्कोहोल पुष्कळदा ८-९ टक्केच असतो, थोडा गोडवा असतो आणि आम्लता धारदार असते. तळलेली सुरमई, सोलकढीसह कोळंबी यांच्याशी तिचे चांगले जमते. लेबलावर ‘ट्रोकन’ असेल तर ती गोड नसते. ब्रूत शॅम्पेन किंवा क्रेमां कोथिंबीर वडीबरोबर घेऊन पाहावी. आम्लता आणि बुडबुडे तळणीचा तेलकटपणा कापतात. गरम वड्या पानात पडेपर्यंत बाटली बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत पाऊण तास ठेवा, आणि उघडताना तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून हलवू नका. आत सुमारे सहा वातावरणांइतका दाब असतो, म्हणून बाटली तिरपी धरून बूच घट्ट पकडावे आणि बाटली खालून फिरवावी.